रजईतला सायलेन्सर

बालवाडीच्या मुलाखतीत मुख्य बाईंनी नाव विचारलं आणि कोहारू ‘पश्श्यू’ म्हणाली, तर? या एका काळजीनं तिच्या आईची, कानाएची, झोप उडाली होती.

साडेतीन वर्षांची पोर. बोलता सगळं येत होतं, पण बोलायची गरज तिला क्वचितच वाटे. भूक लागली की ‘दोदोदोदो’. भात आवडला की ‘व्रूऽऽम’. आणि आंघोळ झाली, बाहुली झोपली, पाहुणे गेले, थोडक्यात कुठलाही विषय संपला, की ‘पश्श्यू!’ ही सगळी भाषा दारासमोर उभ्या असलेल्या निळ्या टर्बो गाडीची होती; वेग सोडला की ती ‘पश्श्यू’ असा सुस्कारा टाके. कानाएच्या नवऱ्यानं, तेप्पेईनं, ती लग्नाआधी, जुनीच, घेतली होती आणि तेव्हापासून तो ती ‘जरा नीट करत’ होता. शनिवारी तिच्याखाली शिरायचा, रविवारी बाहेर यायचा. पूर्वीपेक्षा मोठ्यानं ओरडली की गाडी नीट झाली, असं घरानं समजायचं.

(कानाएनं मुलांच्या संगोपनावरची ढीगभर पुस्तकं वाचली होती. मूल घरात जे ऐकतं तेच बोलतं, असं सगळ्यांत लिहिलं होतं. घरात इंजिन ऐकू येत असेल तर काय करावं, यावर एकाही विद्वानानं परिच्छेद खर्च केला नव्हता.)

“नाव विचारल्यावर ही पश्श्यू म्हणाली ना, तर गाडी विकायची,” कानाएनं जाहीर केलं. “आणि सरकत्या दारांची, खोक्यासारखी, गुपचूप चालणारी एक घ्यायची.”

“आणि नाव नीट सांगितलं तर?” तेप्पेईनं विचारलं.

“तर राहू दे तुझी ती सवत.”

हे तिनं ज्या आवाजात सांगितलं तो पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला. त्यांच्या माएबाशी शहरात वारा आणि बायका दोन्ही जोरात, असं बाहेरचे लोक म्हणतात. कानाएला हा आरोप अन्यायाचा वाटे, आणि तसं ती ओरडून सांगे.

आता योग असा की मुलाखत शुक्रवारी दुपारी, आणि त्याच सकाळी गाडीची सरकारी तपासणी. दर दोन वर्षांनी येणारी ही तपासणी म्हणजे अशा घरांतला सणच. हौसेनं बसवलेला तोफेसारखा सायलेन्सर उतरवायचा, कारखान्यातून गाडीबरोबर आलेला मूळचा गप्प सायलेन्सर चढवायचा, साहेबांपुढं गाडी साळसूद उभी करायची, शिक्का घ्यायचा, आणि घरी येऊन तोफ परत लावायची. म्हणून मूळचा भाग कुणी टाकत नाही. लग्नातल्या किमोनोसारखा गुंडाळून ठेवतात.

रविवारी तेप्पेई दिवसभर गाडीखाली होता. संध्याकाळी त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि बिअर उघडली. काम झाल्याशिवाय तो बिअर उघडत नसे. कानाएनं मनात गणित मांडलं: म्हणजे गप्प सायलेन्सर गाडीला लागला. म्हणजे अंगणातल्या पत्र्याच्या कपाटात जुन्या रजईत गुंडाळलेलं जे आहे, ती तोफ. बुधवारी धातूचा कचरा नेतात. तोफ गेली की शिक्क्यानंतर परत चढवायला काही उरणार नाही, गाडी कायमची गप्प होईल आणि कोहारू माणसांची भाषा बोलू लागेल. तेप्पेईला काय सांगायचं ते नंतर बघू. (कानाएच्या सगळ्या बेतांमध्ये ‘नंतर बघू’ हाच भाग सर्वांत भक्कम असे.)

रजई उघडून एकदा पाहावी, असं तिच्या मनात आलं होतं. पण दोरी घट्ट होती आणि कोहारू उठायच्या आत उरकायचं होतं. बुधवारी सकाळी तिनं तो बोजा उचलून चौकातल्या कचऱ्याच्या जागी ठेवला आणि मान खाली घालून घरी परतली.

संध्याकाळी अंगणातून हाक आली. “कानाए, कपाटातला मूळचा सायलेन्सर कुठंय गं?”

“गाडीला.”

“गाडीला तोफ आहे. रविवारी नट गंजून बसले होते. हललेच नाहीत. नुसतं तेल सोडून ठेवलंय.”

“मग बिअर कसली प्यायलास?”

“हरल्याची.”

कानाएनं सांगितलं. सगळं सांगितलं, रजईच्या दोरीसकट. आता हा ओरडेल, मग आपण त्याहून मोठ्यानं ओरडू, अशी तिची तयारी होती. तेप्पेई ओरडला नाही. पायरीवर बसला.

“दुसरा मिळत नाही का?” तिनं विचारलं.

“इतक्या जुन्या गाडीचा? मिळेल की. शोधत बसलं तर पुढच्या वर्षी.” तो हातातला पाना पुसत राहिला. “जाऊ दे. विकूया. तपासणीत ती पास होणारच नाही. कोहारूलाही बरं. सरकत्या दारांची बघू, तू म्हणतेस तशी.”

“असं शहाण्यासारखं बोलू नकोस!” कानाए ओरडली. आणि जिंकूनही तिला रडू आलं.

ती पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा दोघं आकागी डोंगराच्या वळणांवर निघाले होते. तेप्पेईनं पाय दाबला. काहीच झालं नाही. “बंद पडली?” तिनं विचारलं. “थांब, येतोय,” तो म्हणाला, जणू टर्बो नावाचा कुणी पाहुणा जिना चढत होता. आणि मग पाठीवर तळहात ठेवून कुणीतरी ढकलावं, तशी गाडी सुटली. वर तळ्याकाठी पोचल्यावर दोघं आतच बसून राहिले, कारण दमलेल्या टर्बोला, किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याआधी, जरा निवू द्यावं लागतं. तेप्पेईला मुळात बोलायला सुचायचं नाही. त्या निवण्याच्या वेळातच तो थोडंथोडं बोलायला शिकला. लग्नाचंही त्यानं तिथंच विचारलं. ती विचारात पडली तेव्हा म्हणाला, “सावकाश सांग. इंजिन अजून गरम आहे.”

त्यानंतर कितीतरी रविवार ती टॉर्च धरून त्याच्या शेजारी गाडीखाली पडून असे. खाली हीच रजई. कोहारू झाली, आणि टॉर्च ड्रॉवरमध्ये गेला, रजई सायलेन्सरला.

“विकायची नाही,” ती डोळे पुसत म्हणाली.

“आणि मुलाखतीची अट?”

“अट आहेच!” (माएबाशीची बाई शब्द मागं घेत नाही. मनातल्या मनात घेते.)

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गल्लीतल्या ओनुकीकाकूंच्या दारात उभी राहिली. त्या आठवड्यात कचऱ्याच्या जागेवर देखरेखीची पाळी काकूंची होती. काकू पायरीवर बसून वाळवणाची पर्सिमॉन फळं सोलत होत्या.

“काकू, कालचा धातूचा कचरा...”

“नेला की.”

कानाए जायला वळली.

“तुझा नाही नेला,” काकू शांतपणे म्हणाल्या. “लाल चिठ्ठी डकवून गेले. अगं, इतकी वर्षं या गल्लीत राहतेस ना? रजई म्हणजे कापड. कापड गुरुवारी. लोखंड बुधवारी. लोखंडाला रजईत बांधून ठेवलंस, तर त्या बिचाऱ्यांनी ते कुठल्या वारी न्यायचं?”

“तुम्हाला कसं कळलं माझं म्हणून?”

“गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरी झोपते तसली वस्तू रजई पांघरून?”

“मग... कुठंय ते?”

काकूंनी सुरीनं वर दाखवलं. वळचणीखाली सोललेल्या पर्सिमॉनच्या नारिंगी माळा ओळीनं लटकत होत्या. ज्यावर लटकत होत्या तो बांबू नव्हता. एका टोकाला त्याला चांगलं मोठं पोट होतं.

“बांबू दरसाल वाकतो मेला,” काकू म्हणाल्या. “हे वाकत नाही. रजई धुतलीय, तारेवर आहे. चांगली आहे की, टाकतेस काय?”

“काकू, मला तो परत हवाय. शुक्रवारी तपासणी आहे.”

“ने बाई. बांबू बांधून दे आणि ने. पण एक सांग, तुमची ती गाडी आता कायमची गप्प होणार का?”

“तुम्हाला फार त्रास होतो ना?” कानाए ओशाळली.

“होतो तर! पहाटे ती भुंकली की मी उठते आणि आमच्या ह्यांच्या फोटोपुढं चहा ठेवते. ती गप्प झाली तर त्यांना चहा वेळेवर कोण देणार?”

त्या संध्याकाळी धुतलेली रजई पुन्हा गाडीखाली अंथरली गेली, आणि तिच्यावर तेप्पेईशेजारी, टॉर्च धरून, कानाए. नट सुटले. सायलेन्सर टांगायच्या रबराच्या कड्या मात्र चढेनात.

“साबणाचं पाणी लाव,” कानाए म्हणाली. “आकागीला निघण्याआधी तोफ चढवताना लावलं होतं तसं.”

“तुझ्या लक्षात आहे?” तेप्पेई म्हणाला. गाडीखाली अंधार होता, त्यामुळं तो लाजला की नाही ते कळलं नाही.

कोहारू चाकाशी उकिडवी बसून सगळं बघत होती. “दोदोदो?” तिनं विचारलं.

“हा गप्प सायलेन्सर,” बाबानं खालून समजावलं. “तपासणीपुरता लावायचा. शिक्का मिळाला की घरी आणून खरा लावायचा. कळलं?”

“कोहारू, चिखलात बसू नकोस!” आई ओरडली. “तेप्पेई, माझे केस! पाना केसांत अडकलाय! कोहारू, तो नट तोंडातून काढ!”

तारेवरची चिमणी उडाली.

शुक्रवारी सकाळी तपासणीच्या साहेबांनी सायलेन्सरपाशी यंत्र धरलं, मग नाक धरलं. “हा कसला वास?”

“पर्सिमॉन,” तेप्पेई म्हणाला.

साहेबांनी नियम आठवून पाहिले. फळांबद्दल काही नव्हतं. शिक्का मिळाला.

दुपारी तिघं त्याच गाडीतून, मांजरीच्या पावलांनी, बालवाडीत पोचले. कानाए गडद निळ्या सुटात. वाटभर तिनं एकच घोकवलं होतं: मुलाखत होईपर्यंत पश्श्यू नाही. आणि स्वतःसाठी तिनं आरशापुढं एक आवाज तयार केला होता, खाली, मऊ, मधात बुडवलेला.

“नाव काय गं तुझं?” मुख्य बाईंनी वाकून विचारलं.

कोहारू गप्प. पाय दाबला आणि काहीच झालं नाही. कानाएनं तेप्पेईकडे पाहिलं. ‘थांब, येतोय,’ त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

“शिमोदा कोहारू,” कोहारू म्हणाली. “मी साडेतीन वर्षांची आहे. मला भात आवडतो.”

“शाब्बास! किती स्वच्छ बोलते!”

गाडी राहिली. कानाएला तिथंच नाचावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं मध जरा आणखी ओतला. “घरी आम्ही तिच्याशी नेहमी हळू आवाजातच बोलतो, बाई.”

“ते ऐकूनच कळतं हो,” मुख्य बाई कौतुकानं म्हणाल्या. “किती शांत आवाज आहे तुमचा.”

कोहारूनं आईकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग मुख्य बाईंकडे वळून, एखाद्या नवख्याला समजवावं तशी म्हणाली, “हा तपासणीपुरता लावलाय. शिक्का मिळाला की घरी नेऊन खरा लावणार. पश्श्यू!”