दोर, पांढरा, सामायिक

एकाच वस्तूच्या दोन नोंदी असणं कोणत्याही सुधारलेल्या संस्थेला लाज आणणारं असतं. बेंगळुरूत महादेवपुऱ्यातल्या एका बारा मजली, काचेच्या कंपनीत ही लाज निवारण्याचं काम रंजिता सौंदलगेकर हिच्याकडे होतं.

रंजिता निपाणीची. खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पुरवठादाराचं स्वतंत्र ऑनलाइन दुकान असे आणि सगळ्या दुकानांतला माल एका सामायिक कॅटलॉगमध्ये येई. दोन दुकानांत सारखा माल दिसला, की तिने त्याची एक नोंद करायची. पहिल्या तिमाहीत तिने एकवीस हजार नोंदींच्या नऊ हजार केल्या. (टेबलावरचे पंखे आणि कागदी पंखे तेव्हाच एक झाले. एप्रिलमध्ये कुरबुर झाली, पण ती तोंडी होती, आणि तोंडी कुरबुरीला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही.) तिचे साहेब रणवीर यांनी तिला 'एकात्मता सन्मान' दिला. तिने त्याचा फोटो आईला पाठवला.

दुसऱ्या तिमाहीत तिने दोर एक केले. यशवंतपूरच्या मोहनकुमारांच्या दुकानात 'दोर, पांढरा, नायलॉन' होता आणि इंदिरानगरच्या एका सजावटवाल्यांकडेही 'दोर, पांढरा, नायलॉन' होता. 'उपयोग' या रकान्यात दोघांनीही लिहिलं होतं: लटकवण्यासाठी. इतकं सगळं जुळल्यावर माणसाने (त्यातही पगारी माणसाने) शंका घेणं उद्धटपणाचं झालं असतं. जो लवकर पोचवेल त्याला ऑर्डर आपोआप जाई, आणि सजावटवाले त्याच दिवशी पोचवत.

मोहनकुमारांचं घराणं बेंगळुरूत पाच पिढ्यांचं. एकोणीस वर्षं या इमारतीला दोर तेच देत होते. ऑर्डर थांबल्यावर ते स्वतः आले.

"अक्का, स्वल्प ऐका," ते म्हणाले. "त्यांचा दोर तोरण लटकवायला. माझा माणूस लटकवायला."

"पण अण्णा, उपयोगात नुसतं 'लटकवण्यासाठी' तुम्हीच लिहिलंय."

"तिथं आठच अक्षरं मावतात. माणूस कुठं घालू?"

रंजिताने तपासलं. आठच मावत होती. ती लिफ्टकडे धावली, कारण नवा दोर आठवड्यापूर्वीच गच्चीवर गेला होता.

गच्चीवर शिवाप्पा बसला होता. बाहेरून काचा पुसणारा चिकोडीकडचा माणूस. नव्या दोराचं वेटोळं त्याने बाजूला सारलं होतं.

"म्याडम, ह्यात चमकी हाय," तो म्हणाला. "मी ह्याच्यावर उतरत नाही. जुन्याची मुदत सरलीय, पण तो निदान ओळखीचा हाय."

रंजिता तडक रणवीरसाहेबांकडे गेली आणि नोंदी वेगळ्या करायची परवानगी मागितली.

"आपला एकात्मतेचा आकडा पडेल ना," ते शांतपणे म्हणाले. "आणि डेटा बघ. या दोरावरून आजवर किती जण पडले? झिरो."

"त्यावरून अजून कुणी उतरलंच नाहीये, सर."

"एक्झॅक्टली. रेकॉर्ड क्लीन आहे."

या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. मग रंजिताने कॅटलॉग पालथा घातला आणि तिला सापडलं, की 'पूजा साहित्य' या वर्गाला एकत्रीकरण लागू नाही. (तिथे हात घालायची कुणाची छाती झाली नव्हती.) तिने मोहनकुमारांचा दोर तिथे नोंदवला, उपयोग: मंगलकार्य. सॉफ्टवेअरने नम्रपणे कळवलं, की पूजा साहित्य फक्त दसऱ्याच्या आठवड्यात मागवता येतं. दसऱ्याला पाच महिने होते.

मोहनकुमार म्हणाले, "सरी, ठीक आहे, फुकट देतो," आणि दुसऱ्या दिवशी दोर स्कूटरवर घालून आले. ऑर्डर नसलेला माल आत घेता येत नसल्याने तो फाटकावरून परत गेला. सुरक्षारक्षकाने मात्र त्यांना पाणी दिलं.

उरला तो एक झालेल्या नोंदी वेगळ्या करण्याचा 'विभक्ती अर्ज'. त्यासाठी वस्तू वापरणाऱ्यांपैकी पन्नास जणांची संमती लागते. दोर वापरणारा एकच होता, आणि त्याला कंपनीचा ईमेल नव्हता. तेव्हा काचेमागे बसणारे सगळेच वापरकर्ते, असा उदार अर्थ लावून तीन हजार शंभर जणांना पत्र गेलं. पंधरा दिवसांत अकरा उत्तरं आली. त्यांतली सात 'मी रजेवर आहे' अशी आपोआप आलेली, तीन 'मला या यादीतून काढा' अशी, आणि एक संमतीचं. ते रंजिताचं स्वतःचं होतं.

सोमवारी परदेशी पाहुणे यायचे म्हणून काचा पुसायचा लेखी हुकूम निघाला. शिवाप्पाने जुना दोर कमरेला बांधला. रंजिता गच्चीवर गेली आणि दोराचं वरचं टोक तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याने काही होणार नाही हे तिला माहीत होतं. पण ती सोडायला तयार नव्हती. शिवाप्पा एकेक मजला पुसत खाली उतरू लागला.

राहिलेली तीन हजार एकोणनव्वद पत्रं अजून न उघडलेली आहेत. एक तुमचंही असेल. विषय आहे 'दोर, पांढरा: आपली संमती'. संमतीचं बटण तळाशी आहे, त्याला एक टिचकी लागते. पण घाई काहीच नाही, हे वाचून संपू दे. काच किती लख्ख झालीय बघा. शिवाप्पा अजून तुमच्याच मजल्यावर आहे.