दोघांची डावी एकच

इतकी वर्षं अमेरिकेत काढल्यावर सुलेखाबाई गुळवणींची एका बाबतीत पक्की खात्री झाली होती. इथं मराठीत वाट्टेल ते बोलावं, कुणाच्या बापाला कळत नाही! मिनेसोटात, ईडन प्रेरीच्या आपल्या डेंटिस्टला त्यांनी त्याच्याच खुर्चीत बसून, गोड हसत विचारलं होतं, "मेल्या, हात आहे की पक्कड?" आणि त्यानंही तितकंच गोड हसून "यू आर वेलकम!" म्हटलं होतं. "राग पोटात ठेवला की अल्सर होतो," असं त्या आपल्या मुलीला, इलाला, नेहमी सांगत. "तो मराठीत बाहेर काढायचा. समोरचा खूश, आपणही मोकळे!"

या जानेवारीत मात्र राग बाहेर काढायला मराठी अपुरी पडेल की काय अशी वेळ आली. श्रीरंगराव रिटायर झाले आणि त्यांनी आरव्ही घेतली. म्हणजे स्वयंपाकघर, संडास आणि पलंग पोटात घेऊन फिरणारी बसएवढी गाडी! घेण्याआधी त्यांनी बायकोला विचारलं नाही. घेऊन दारात उभी केली आणि मग विचारलं, "कशी वाटते?"

"कुणाची आहे?" सुलेखाबाईंनी विचारलं.

"आपली!"

तिथपासून टेक्ससच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत सुलेखाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. अख्खं आयोवा गेलं, ओक्लाहोमा गेलं, तरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. श्रीरंगरावांना वाटलं, बायको निसर्गसौंदर्यात रमली.

समुद्राच्या काठावरचा तो आरव्ही पार्क म्हणजे थंडीला कंटाळलेल्या म्हाताऱ्यांचं गावच होतं. मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन इथली रिटायर्ड जोडपी ओळीनं गाड्या लावून हिवाळाभर राहात होती. आता फक्त आपल्या जागेत गाडी रिव्हर्स घ्यायची होती. त्यासाठी श्रीरंगरावांनी वॉकीटॉकीची जोडी आणली होती.

"तू मागे उभी राहून सांगायचं. आणि प्रत्येक वाक्यानंतर ओव्हर म्हणायचं, नाहीतर तुझं बोलणं संपलं हे मला कळणार नाही."

"ते तुला कधी कळलंय?"

"ओव्हर म्हण!"

सुलेखाबाई गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "डावीकडे घे. ओव्हर."

गाडी उजवीकडे आली.

"अरे डावीकडे! ओव्हर!"

गाडी आणखी उजवीकडे आली. श्रीरंगराव जन्माचे इंजिनिअर! ही माझ्याकडे तोंड करून उभी, म्हणजे हिची डावी ती माझी उजवी, असा शुद्ध भौमितिक विचार करून ते प्रत्येक सूचना उलटी करून घेत होते.

"श्रीरंग! मी मागे उभी आहे! तुझं तोंड तिकडे, माझंही तोंड तिकडे! दोघांची डावी एकच आहे रे!"

"ओव्हर म्हटलं नाहीस! ओव्हर!"

धाड! शेजारच्या जागेतल्या पाण्याच्या नळाचा खांब आडवा झाला आणि ताडाच्या उंचीचं कारंजं उडालं. खाली नेब्रास्काचे एक रिटायर्ड हेडमास्तर, डेल, मक्याचं कणीस भाजत बसले होते. त्यांनी फक्त ताटली डोक्यावर धरली आणि ओरडले, "वेलकम टू टेक्सस!"

सुलेखाबाईंनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. दाबलं ते सोडलंच नाही. अख्ख्या प्रवासाचं मौन बाहेर आलं! "अकलेचा कांदा आहेस, कांदा! सोलत जावं आणि आत काही नाही! तुमच्या सगळ्या घराण्यातच कुणी कुणाला विचारत नाही! आणि हा शेजारी बघ, पोट म्हणजे नुसता माठ, आंघोळ घातली तरी हसतोय!"

खूप बरं वाटलं त्यांना. इतकं बरं, की त्यांनी ते रोजचंच करून टाकलं.

गाडीच्या आत भांडायला जागाच नव्हती. हात वर करून बोलावं तर हात छताला लागे. पण श्रीरंगरावांना मासे पकडायचा नाद लागला. सकाळी चहा झाला की पट्ट्याला वॉकीटॉकी अडकवून ते समुद्रातल्या लांबलचक लाकडी धक्क्यावर जात. मग सुलेखाबाई खुर्ची टाकून बसत, बटण दाबत आणि दिवसाचा हिशोब चुकता करत. "आज कपाटात उभं राहून अंघोळ केली! कोपरानं साबण पाडला तो उचलायला बाहेर यावं लागलं! ओव्हर!" किंवा, "तू कूस बदललीस की माझी कढई हलते! ओव्हर!" पलीकडून उत्तर येत नसे. सुलेखाबाईंना वाटे, ऐकतोय मुकाट्यानं. चांगली जिरली!

आठवड्याभरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. श्रीरंगराव मासे न पकडता परत येत होते, तर डेल ओरडले, "मॉर्निंग, मिस्टर ऑनियन!"

दुसऱ्या दिवशी पत्ते खेळणाऱ्या दोन आज्या त्यांना बघून खुसखुसल्या. "हाय, ऑनियन!"

श्रीरंगराव घरात येऊन हळूच म्हणाले, "जरा कांदा कमी परतत जा. लोक बोलायला लागलेत."

"काय बोलायला लागलेत?"

"मला ऑनियन म्हणतात."

सुलेखाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली! म्हणजे आपल्या फोडणीला नावं! यांनी रोज बाहेर शेगडी मांडून मांस जाळायचं, त्याचा धूर आम्ही नाकात घ्यायचा, आणि आमचा चिमूटभर कांदा यांना खुपतो? श्रीरंगराव "अगं जाऊ दे, यार" म्हणेपर्यंत त्या हातात झारा घेऊन डेलच्या दारात होत्या.

"व्हॉट इज युअर प्रॉब्लेम विथ माय ऑनियन्स?"

डेल भांबावले. "मॅम, आय लव्ह ऑनियन्स!"

"मग माझ्या नवऱ्याला ऑनियन का म्हणता?" हे अर्थात इंग्रजीत.

"पण... तुम्हीच म्हणता ना! द ऑनियन ऑफ विस्डम!" डेलनी आपल्या पोटावर प्रेमानं थाप मारली. "आणि मी, द वॉटर पॉट! इथं सगळ्यांकडे रेडिओ आहेत, मॅम. एकच चॅनल. शुभा आम्हाला सगळं ट्रान्सलेट करून सांगते!"

सुलेखाबाईंच्या हातातला झारा खाली आला. शुभा?

शुभा तिसऱ्या ओळीत सापडली. शॉमबर्ग गावाहून आलेली, गोरीगोमटी, पत्र्याच्या खुर्चीत मेथी निवडत बसलेली! सुलेखाबाईंना बघताच ती उठून उभी राहिली. चेहरा असा, की जणू आवडती मालिकाच घरी चालत आली.

"अय्या, सुलेखाताई! या ना!"

"लाज नाही वाटत? दुसऱ्यांच्या घरातली भांडणं चोरून ऐकता?"

"चोरून कसली? मी पोळ्या लाटत होते, तुम्हीच आलात! रोज येता!"

"मग येऊन सांगायचं, की बाई, आम्हाला मराठी कळतं!"

"येणारच होते हो. पण मग तुम्ही बोलणं बंद केलं असतं ना!"

"आणि वर भाषांतरं करता? गावजेवण घातल्यासारखी?"

आता शुभाचाही पारा चढला. "हे बघा, मी निदान तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, वर मीठमसाला घातला नाही! तुमचे मिस्टर धक्क्यावर माझ्या नवऱ्याशी, राजेशशी, काय काय बोलतात, ते मी कुणाला सांगितलंय का? घर विकायला काढलंय तुम्ही, एजंट सोमवारी फोटो काढायला येणार, हे पार्कात कुणालातरी माहितेय का?"

"कुणाचं घर?"

शुभाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "म्हणजे... तुमचं. ईडन प्रेरीचं." मग ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना?"

सुलेखाबाई तिथूनच वळल्या. रस्त्यात दोघातिघांनी हाय केलं, त्यांना दिसलंही नाही. आजवरचा राग म्हणजे चिडचिड होती, दूध उतू जातं तशी. हा वेगळा होता. त्या घराच्या खिडकीत, बाहेर सगळं गोठलेलं असताना, त्यांनी मोगरा जगवला होता. त्या घराचे फोटो काढायला कोणीतरी येणार होतं आणि ते शॉमबर्गच्या बाईला आधी कळलं होतं!

श्रीरंगराव गळ साफ करत होते.

"घर विकतोयस?"

गळ बोटात घुसला. "आई गं! कोण म्हणालं?"

"म्हणूनच इथं मराठी माणसं आहेत हे सांगितलं नाहीस मला! बोल!"

"सांगणार होतो. तुला इथं आवडायला लागलं की."

"रोज रेडिओवर ओरडून सांगत होते तुला, की आवडत नाही!"

श्रीरंगरावांनी बोट तोंडात धरलं. "मी आवाज बंद ठेवायचो. मासे पळतात."

सुलेखाबाई बघतच राहिल्या. म्हणजे अख्ख्या पार्कनं ऐकलं, नेब्रास्कानं ऐकलं, विस्कॉन्सिननं ऐकलं, आणि ज्याच्यासाठी घसा कोरडा केला त्या एकट्यानंच ऐकलं नाही!

"मला त्या घराची भीती वाटते, सुलेखा," श्रीरंगराव अचानक म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात मी बर्फ काढताना ड्राइव्हवेवर पडलो होतो. उठताच येईना. हाका मारत होतो. तू आत होतीस, मिक्सर चालू होता. शेवटी सरपटत दारापर्यंत आलो. कंबर लचकली, एवढंच सांगितलं तुला."

ते ऐकून सुलेखाबाई धसकल्या. आणि त्या धसक्यानंच त्या दुप्पट पेटल्या. "मग ते मला सांगायचं! मला! एजंटला काय सांगतोस? एजंट शेकणार होता तुझी कंबर?"

"तू ऐकून घेशील असं वाटलं नाही."

"ऐकून नाहीच घेणार! पण सांगायचं!"

त्यांनी टेबलावरची वॉकीटॉकी उचलली. श्रीरंगराव हात पुढे करेपर्यंत बटण दाबलं गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वच्छ इंग्रजीत चिडल्या, म्हणजे भाषांतराला वावच नको!

"लिसन, एव्हरीबडी! माझं मिनेसोटाचं घर विकायचं नाही! विकायचीच असेल तर ही गाडी विकीन! ओव्हर!"

क्षणभर खरखर. मग डेलचा गंभीर आवाज. "कॉपी दॅट, मॅम."

श्रीरंगरावांनी त्यांच्यादेखत एजंटला फोन लावला. "कॅन्सल करा," ते म्हणाले. "नाही, मिसेसना विचारलं नव्हतं." पलीकडचा एजंट बराच वेळ काहीतरी बोलत होता आणि श्रीरंगराव मान खाली घालून "येस, येस" म्हणत होते.

इथं हे संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर तीन जोडपी रांगेत उभी! गाडी विकायची आहे ना? बघायला आलोय!

सुलेखाबाई काही बोलेपर्यंत माणसं आत शिरली. विस्कॉन्सिनच्या बाईंनी कपाटं उघडून बघितली. "किचन म्हणजे अगदीच खेळण्यातलं!" त्यांच्या नवऱ्यानं गादीवर बुक्के मारले. "पलंग खचलाय." दुसऱ्या एका गृहस्थांनी खाली वाकून बघितलं. "मागचा बंपर वाकलाय. ड्रायव्हर अगदी ढ दिसतो." तिसऱ्या बाईंनी नाक वर करून दोनदा हुंगलं. "आणि हा वास? हा जाईल का?"

"कसला वास?" सुलेखाबाईंचा आवाज चढला. "तो जिऱ्याचा वास आहे! आणि किचनला काय झालं? या किचनमध्ये मी तीस माणसांचे साबुदाणे वडे तळू शकते! बंपर वाकला तो नळ चुकीच्या जागी होता म्हणून! ड्रायव्हर मिनेसोटाहून इथपर्यंत एक ओरखडा न पडता आलाय! उतरा खाली! सगळे उतरा! गाडी विकायची नाही!"

तिन्ही जोडपी एकमेकांना "सॉरी, सॉरी" म्हणत पायऱ्या उतरली. श्रीरंगराव दारात उभे होते. तोंडभर हसू!

"म्हणजे तुला आवडली!"

"अजिबात आवडली नाही! पण नावं ठेवायची तर मी ठेवीन. लोकांनी नाही!" सुलेखाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "एप्रिलमध्ये घरी जायचं. आणि पुढच्या हिवाळ्यात बर्फ काढायला माणूस लावायचा, नाहीतर..."

नाहीतर काय, ते पुढच्या हिवाळ्यात इथं परत येणं होतं का, हे त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. म्हणून त्या बाणेदारपणे वळल्या आणि आत जाऊ लागल्या. विस्कॉन्सिनच्या बाईंनी वरच्या कपाटाचं दार उघडंच टाकलं होतं. ते ठाणकन त्यांच्या कपाळात बसलं.

श्रीरंगराव आत आले. फ्रीझरमधून मटारची पिशवी काढून त्यांनी ती कपाळावर धरायला बायकोच्या हातात दिली, आणि मासे पकडायला निघून गेले.