टिकलीखालचं निळं बटण

यंदाच्या मारबतीच्या मिरवणुकीत विहंगला जाळलं. दिवसाढवळ्या, हजारो लोकांसमोर, ढोलताशांच्या गजरात! मामी थोडी हळहळली, मामांनी टोपी हवेत उडवली, आणि मग घरी येऊन सगळ्यांनी आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या संपवल्या. पण असं काही घडलंच नाही, असं घरात एकमताने ठरलं आहे. तेव्हा आपणही ते विसरू आणि टॅबपासून सुरुवात करू.

टॅब मारोतमामांचा. मामांची लकडगंजात आरा मशीन आहे. लाकूड चिरणं हा त्यांचा धंदा, पण जीव अडकलेला गल्लीच्या बडग्यात. वर्षभर ज्याने लोकांना छळलं, मग ते डास असोत की महागाई, त्याचा कागद-बांबूचा पुतळा, म्हणजे बडग्या करायचा, मारबत या राक्षसिणीच्या पुतळ्यासोबत मिरवायचा आणि 'घेऊन जा गे मारबत!' अशी बोंब ठोकत गावाबाहेर नेऊन पेटवायचा. मामांच्या वडिलांपासून या गल्लीचा बडग्या एकदाही चुकला नव्हता. वडील स्वतः तापाने फणफणले होते त्या वर्षी त्यांनी तापाचाच बडग्या केला होता!

यंदा मिरवणूक समितीला आधुनिक व्हायची हुक्की आली. बडग्याचा विषय, वर्णन आणि घोषणा मेलने कळवा, मंजूर होईल तेच आणा, फेरफार चालणार नाही. मामांनी 'खड्डे' हा विषय रोज पाठवला. समितीला एकदाही पोचला नाही. आणि आज शेवटचा दिवस उजाडला.

"मेल जात काहून नाही बे?" मामांनी भाच्याला, विहंगला विचारलं.

"दाखवा बरं, कसा पाठवता?"

मामांनी मेल लिहिला, बोट उंचावलं आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलेल्या लाल टिकलीवर दाबलं. टिकली शोभामामीची. मामांना बटणं सापडत नाहीत म्हणून मामीने स्वतःच्या कपाळावरची काढून 'पाठवा' या निळ्या बटणावर लावून दिली होती. गेली कित्येक वर्षं मामांचा सगळा पत्रव्यवहार त्या टिकलीवर चालला होता.

विहंगने टिकलीच्या कडेने डोळा लावून पाहिलं. "मामा, मेलवाल्यांनी नवा अवतार काढला आहे. निळं बटण गेलं वरती डाव्या कोपऱ्यात. टिकलीखाली आता कचरापेटी आहे. तुम्ही आठ दिवसांपासून खड्डे कचऱ्यात टाकून राहिले!"

"मंग?"

"मग काय, टिकली काढून वरती लावू."

स्वयंपाकघरातून मामी झारा घेऊनच बाहेर आली.

"टिकली काढतो? कोणाची टिकली काढतो रे? तुझे मामा चांगले धडधाकट बसले हाय समोर!"

"अहो मामी, काचेवरची..."

"काचेवरची असो का कपाळावरची! एकदा लावली ते लावली. मामा जिवंत हाय तोवर कोनी हात लावायचा नाही!"

मामांनीही छातीवर हात ठेवून पाहिलं. ठोके चालू होते. ते चालूच राहावेत या बाजूने त्यांनी मत दिलं.

इथे विहंगला त्याचं ते प्रसिद्ध हसू आलं. हे हसू आलं की मामी पाणी भरून ठेवते, कारण मागच्या वेळी त्याने गिझर 'स्मार्ट' केला होता.

"टिकली जागेवर राहील, टॅब बदलू! कंपनीने याला वाऱ्यावर सोडलं, मी नाही सोडणार. याच्यात नवी सिस्टिम टाकतो. कंपनीची नाही, एका पोराने घरी बसून बनवलेली आहे. मग मेलचं जुनं रूप आपोआप परत येते."

"पोरगा कुठचा?"

"माहीत नाही. पण त्याला इंटरनेटवर खूप लोकांनी धन्यवाद दिले आहेत."

दुपारभर टॅब काळाठिक्कर पडला होता. त्याच्याभोवती घर असं बसलं होतं की मोहल्ल्यातली एक म्हातारी दारातूनच "कोण गेलं वं?" विचारून गेली. शेवटी तो उजळला. मेलचं जुनं रूप काही आलं नाही. उलट नवीनच भानगड झाली. डावीकडे दाबलं की उजवीकडचं उघडायचं, वर दाबलं की खालचं! टॅबला कोणी आरशात घालून बाहेर काढल्यासारखं झालं होतं.

विहंगचं तोंड उतरलं. मामांनी मात्र सवयीने खाली उजवीकडे टिकलीवर बोट ठेवलं. टॅबने ते वरती डावीकडचं समजलं. तिथे होतं निळं बटण! विहंगने चाचणीसाठी लिहिलेला 'नमस्कार' सुर्रकन गेला.

"गेला बे! टिकलीनंच गेला!" मामा ओरडले. "भाचा नाही, इंजिनेर हाय हा!"

या शब्दाने घात केला. हवेत तरंगणाऱ्या विहंगने टॅब चालतो का हे पाहायला मेलमध्ये नावाशेजारच्या गोलात स्वतःचा फोटो लावला. मग त्याला वाटलं, मेलवाल्यांनाही जरा सुनवावं. वरती उजव्या कोपऱ्यात 'तुमचं मत कळवा' असं लिहिलं होतं. त्याने तिथे दाबलं. आता तिथे दाबलं की काय उघडणार, हे ज्याने टॅब उलटा केला त्याला तरी आठवायला हवं होतं! उघडलं ते खालचं, डावीकडचं: समितीच्या मेलला उत्तर. दोन्ही चौकटी सारख्याच पांढऱ्या. विहंगने माइक लावला आणि बोलून लिहायला सुरुवात केली.

"तुमचं हे नवं रूप म्हणजे लग्नाच्या हॉलसारखं आहे. सगळीकडे रोषणाई आणि संडास सापडत नाही. अक्षरं एवढी फिकट, की लिहिणाऱ्याला अॅनिमिया झाला असावा. हजार चित्रं, एकाचाही अर्थ लागत नाही..."

"विहंग, पोहे थंडे होऊन राहिले रे!" मामी आतून. माइकने तेही लिहून घेतलं.

"...निळं बटण पळवणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

"वा!" म्हणत मामांनी टिकली दाबली.

थोड्या वेळाने समितीचं उत्तर आलं. विषय, वर्णन, घोषणा आणि सोबतचं छायाचित्र मंजूर. समितीला विषय फार भावला होता.

"कोणता विषय?" मामांनी विचारलं. विहंगने वाचलं. मग परत वाचलं. मग तो पोहे खायला गेला.

बडग्या करणारा गिरिधर सांगाडा बांधून वाटच पाहत होता. मंजुरी वाचून त्याने मान डोलावली. "फेरफार चालत नाही म्हंते. चेहरा फोटोतला, अंगावर चित्रं हजार, हातात थंड्या पोह्याची प्लेट."

"गिरिधरभाऊ, चेहरा तरी बदलव ना गा!"

"मंग बडग्याच रद्द होते, भाऊ. मामाले विचार."

विहंगने मामांकडे पाहिलं. मामांनी भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. विषय संपला.

मारबतीच्या दिवशी विहंगचा दोन मजली पुतळा निघाला. जबडा उघडा, हातात पोहे, आणि खरं वाटावं म्हणून गिरिधरने छातीवर तोच टॅब बांधलेला. लोक पेटून उठले! नवा मेल सगळ्यांनाच छळत होता. घोषणा इतवारीच्या बाजारापर्यंत पोचली, दुसऱ्या मंडळांनी आपापले बडगे सोडून हीच धरली. गर्दीत मास्क लावून उभ्या विहंगच्या पाठीवर थाप मारून एक काका म्हणाले, "दे ना घोषणा! का तूच पळवलं बटण?"

काडी ओढली आणि तेवढ्यात मामी किंचाळत पुढे धावली.

"थांबवा! थांबवा रे!"

विहंगने मास्क खाली ओढला. शेवटी मामीच! मामीने पुतळ्याच्या छातीवरचा टॅब ओढून काढला, टिकली जागेवर आहे ना ते पाहिलं आणि मागे सरकली.

"हं. पेटवा आता."

पुतळा झकास जळला. त्याच रात्री टॅबने स्वतःच स्वतःला दुरुस्त करून घेतलं. डावं पुन्हा डावं झालं, उजवं उजवं, आणि टिकलीखाली परत कचरापेटी. तेव्हापासून विहंग दर सोमवारी मेल कंपनीला खालील अर्ज पाठवतो:

'सबब विनंती की, निळे बटण पूर्ववत टिकलीखाली आणून बसवावे. टिकली बटणाकडे नेणे अर्जदाराच्या मामांच्या प्रकृतीस अपायकारक आहे. अर्जदारास नुकतेच जाळण्यात आले असल्याने उत्तर मामांच्या मेलवर पाठवावे, व ते मामांच्या हातून कचऱ्यात जाणार असल्याने कृपया पुन्हा पाठवावे.'