साळूबाई कासारणीच्या लघुशंकेचे वर्तमान

श्री उदकनारायण समर्थ. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यांत जे अपूर्व घडले ते यथामति लिहितों.

राजधानींत साळूबाई कासारीण बांगड्या भरण्याचा धंदा करी. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी जाहली, आणि आठवड्यांत तीन वेळां रक्त यंत्रांतून धुवावे तेव्हां पुढील दिवस दिसे. सख्खा भाऊ आपले मूत्रपिंड देण्यास सिद्ध जाहला, परंतु ते तिच्या रक्तास मानवेना, आणि दुसरा दाता मिळेना. मग राजवैद्य निळोपंत यांणी हुजूर अर्ज केला जे, दहा वर्षे खपोन एक वराह सिद्ध केला आहे, त्याच्या बीजांत फेरफार ऐसा केला की मनुष्याचे रक्त त्यास परके समजणार नाही. आज्ञा जाहलिया त्याचे मूत्रपिंड बाईस बसवितों. तेव्हां धर्मसभेचे शास्त्री कानांवर हात ठेवोन बोलिले की, डुकराचा अवयव अंगीं आलियावर तिच्या हातून सवाष्णींनी बांगड्या कैशा भरोन घ्याव्या. शास्त्रार्थ तीन दिवस चालला आणि बाईच्या अंगावर सूज चढत राहिली. अखेर तिलाच पुसले. बाई बोलली, "शास्त्रीबुवा, सख्ख्या भावाचं जुळलं न्हाई, ह्या मुक्या जनावराचं जुळंल म्हनत्यात. मग सोयरं कुनाला म्हनू?" तेव्हां महाराजांनी निळोपंतांस या कामाचा विडा दिला.

मग पंतांनी शस्त्र चालवोन मूत्रपिंड बसविले, त्यांत रक्त सोडले, आणि अवघे नळीकडे पाहात राहिले. दोन घटका लोटल्या, थेंब नाही. शास्त्र्यांस शंका, प्रधानांस शंका, खुद्द पंतांसही शंका. आणि जी यावी ती लघुशंका मात्र येईना. मग एक थेंब आला, आणि धार लागली. प्रधानांनी धांवत जाऊन मुजरा केला आणि बोलिले, "महाराज, लघुशंका जाहली." ऐकतांच बाकीच्या साऱ्या शंका फिटल्या, नौबत झडली, हत्तीवरोन साखर वाटली. मूत्राचा ऐसा मान पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

हुजूरचा हुकूम जाहला जे बखर येथेंच आटोपावी. जय जाहला की लेखणी ठेवावी, हा आम्हां बखरकारांचा जुना रिवाज. परंतु ब्याण्णवावे दिवशी बाईच्या रक्ताने परका ओळखिला, ताप चढला, आणि मूत्रपिंड काढणे प्राप्त जाहले. पंत तिच्या उशाशी बसले. त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. बाईच बोलली, "पंत, बखरकार, बरं झालं ते तुमी दवंडी पिटून लिवलंत. आता बिघडलं तेबी लिवा. कंच्या दिशी, कसं, समदं. म्होरलीच्या कामी यील." आणि ती पुन्हा यंत्रास लागली.

एवं एक बाई, एक वराह, ब्याण्णव दिवस. हुकूम जयापुरता होता, पराजय बाईच्या सांगण्यावरोन लिहिला. हुकूम मोडिल्याची शिक्षा लिहिणारास मान्य असे.