शून्याखालची हवा

"भावोजी, खिडक्या उघडा हो जरा! घर कसं कोंदून गेलंय," शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या.

"नको वहिनी, आज यंत्राची चाचणी आहे. वारा लागला तर बिघडेल," असं म्हणून नाकवाल्यांनी हळूच दार लावून घेतलं.

आता ही चक्क थाप होती. वारा लागून बिघडायला ते यंत्र म्हणजे काही तान्हं बाळ नव्हतं. रंगाच्या, थिनरच्या कारखान्यात पेट घेणारी वाफ हवेत साठू लागली, तर माणसाच्या नाकाला पत्ता लागायच्या आत बोंब मारायची, हे त्याचं काम. त्यापायीच अख्खी कॉलनी या गृहस्थांना नाकवाले म्हणायची. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. खिडक्या बंद असण्याचं कारण वेगळंच होतं. तीन वर्षांपूर्वी बायको सहा तासांवरच्या गावी, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला गेली. पहिल्याच आठवड्यात घरातून तिचा वास विरायला लागला आणि हा भला माणूस कासावीस झाला. त्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. आरशापुढे तिची सेंटची बाटली राहिली होती, तिचे दोन फवारे रोज सकाळी खोलीत मारायला सुरुवात केली. बाटली संपली की तशीच दुसरी आणायची. दुकानदार म्हणायचा, "काय हौशी आहेत हो आमच्या वहिनी!" नाकवाले म्हणायचे, "हो ना," आणि पिशवी घट्ट धरून घरी यायचे.

तिचं जाणं दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. पहिली ऑर्डर येईपर्यंत तिने बाहेर राहून घर चालवायचं, ऑर्डर आली की परत यायचं. यंत्र तर सहा महिन्यांत तयार झालं होतं. ज्याला दाखवावं तो मान डोलवून म्हणायचा, "वा, झकास! दुसऱ्या कुणी घेतलं की आम्हाला कळवा, आम्हीही घेऊ." तो दुसरा कुणी अडीच वर्षं नाकवाले शोधत होते. आणि आता त्या हॉस्पिटलने तिला कायमची नेमणूक देऊ केली होती. हो म्हटलं की पाच वर्षं तिथून हलायचं नाही. उत्तर द्यायची मुदत आज, बुधवारी, संध्याकाळी पाच.

सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता.

"अहो, किती वाजता आहे चाचणी?"

"तीनला. अर्ध्या तासाचं तर काम. साडेतीनला फोन करतो."

"आणि फोन नाही आला तर?"

"येईल गं. न यायला काय झालं?"

"नाही आला तर मला सही करावी लागेल. आपल्यापैकी एकाचं तरी बस्तान बसायला हवं." मग ती म्हणाली, "पण फोन करा हं. नक्की करा."

नाकवाल्यांनी शर्टाला इस्त्री केली, धीर यावा म्हणून खिशातल्या रुमालावर सेंटचे दोन फवारे मारले आणि यंत्र पोटाशी धरून निघाले. यंत्र केवढं, तर जेवणाच्या डब्याएवढं. खास या चाचणीसाठी बनवलेलं हे नवं यंत्र सहा महिने घरातल्या कपाटावर दिवसरात्र चालू होतं, आणि एकदाही चुकलं नव्हतं.

रंगाच्या कारखान्यात ठिणगीची धास्ती असते, म्हणून फोन गेटवरच काढून ठेवावा लागला. वॉचमनने तो एका खणात टाकला आणि पितळी बिल्ला हातात दिला. आत सुरक्षा अधिकारी बाई वाटच बघत होत्या. पायात जाड बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि चेहरा असा की लोखंडानेही जरा सरळ उभं राहावं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "टेबलावरची जादू मला नको. यंत्र थेट कारखान्याच्या भोंग्याला जोडायचं. खोटं वाजलं तर तुम्ही तुमच्या घरी. आणि वाजायला हवं तेव्हा नाही वाजलं, तर मी माझ्या घरी."

"जोडा की!" नाकवाले छाती काढून म्हणाले.

फोरमनने भोंग्याची बिनतारी जोडणी करून दिली. रंगाचे डबे भरायच्या विभागात स्टुलावर यंत्र ठेवलं. तीन वाजून पाच मिनिटांनी नाकवाल्यांनी बटण दाबलं. पडद्यावर शून्य यायला हवं होतं. आलं उणे तीन. मग उणे पाच. मग उणे सात.

आणि भोंगा वाजला.

या भोंग्यात नाकवाल्यांचं स्वतःचंच कर्तृत्व होतं. आकडा शून्याच्या फार खाली गेला, तर सेन्सरवर भरवसा ठेवायचा नाही आणि सरळ धोका समजून ओरडायचं, असा नियम त्यांनीच मोठ्या अभिमानाने यंत्रात घातला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मोटारी थांबल्या, पट्टे थांबले, कॅन्टीनचा गॅस बंद झाला, आणि तीनशे माणसं भराभरा मागच्या मैदानात जाऊन रांगांत उभी राहिली. नाकवालेही गेले, यंत्राला पोटाशी धरून. दर मिनिटाला यंत्र पोटाशी चीं करायचं आणि पाठोपाठ कारखान्याचा भोंगा आकाशात बोंबलायचा.

"उणे सात?" बाईंनी पडद्यात डोकावून विचारलं. "हवेत काही नसलं तर शून्य. मग काही नसण्यापेक्षाही कमी म्हणजे काय हो?"

"तेच मला कळत नाहीये."

"इथे उघड्या मैदानातही उणे सातच."

"हो ना. म्हणजे धोका काही नाहीये, यंत्रच बिनसलंय. बंद करू का?"

"खबरदार!" बाई कडाडल्या. "भोंगा बंद करून 'सगळं ठीक आहे' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत मी. पुढच्या वेळी खरा वाजतो तेव्हा कुणी जागचं हलत नाही. ज्या यंत्राने भोंगा वाजवला, त्याने दोन मिनिटं सलग शून्य दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. असा नियम आहे."

"मग तुमच्या दुसऱ्या यंत्राने हवा तपासू या, आणि त्यावरून माझं शून्य नव्याने लावतो."

"दुसरं यंत्र दुरुस्तीला गेलंय," फोरमन पडलेल्या आवाजात म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना साहेब."

झालं! आत जायचं तर शून्य हवं, शून्य लावायचं तर यंत्र हवं, आणि यंत्र घ्यायचं की नाही हे ठरवायलाच तर सगळे जमले होते. नाकवाल्यांनी यंत्र उलटं केलं, पालटं केलं, फुंकर मारली, शेवटी मनातल्या मनात हातसुद्धा जोडले. उणे सात.

साडेतीन वाजले. दुसऱ्या पाळीची माणसं आली. त्यांना आत सोडेनात. पहिल्या पाळीच्या लोकांचे डबे, घराच्या किल्ल्या, फोन सगळं आत. त्यांना घरी जाता येईना. मैदानात सहाशे माणसं झाली. चहा नाही म्हटल्यावर कुरकुर वाढली. कुणीतरी विचारलं, "हा बाबा कोण?" दुसरा म्हणाला, "यंत्रवाला." तिसरा म्हणाला, "मग त्यालाच वाजवा की!"

चार वाजले तसा नाकवाल्यांचा जीव अर्धा झाला. ऑर्डर गेली तर गेली. पण निदान 'थांब, सही करू नकोस' एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. भोंगा थांबेपर्यंत गेटवरच्या खणाकडे जायला मनाई होती, पण बाहेरच्या रस्त्याने थेट मैदानात आलेल्या दुसऱ्या पाळीतल्या एकाकडे फोन होता. नाकवाल्यांनी काकुळतीला येऊन मागून घेतला आणि नंबर लावायला बोट उचललं. बोट हवेतच राहिलं. सेन्सरच्या गणितातले आठ-आठ आकडी स्थिरांक त्यांना झोपेत पाठ होते, पण बायकोचा नंबर? तो त्यांच्या फोनमध्ये 'घर' या नावाने होता. तीन वर्षं रोज 'घर' दाबायचं आणि तिचा आवाज यायचा. आकडे कुणी बघितलेत?

"काय झालं?" फोनवाल्याने विचारलं.

"काही नाही," नाकवाले म्हणाले आणि फोन परत केला.

ते मैदानाच्या कडेला जाऊन बसले. ती आता लॅबमधल्या खिडकीशी उभी असेल. हातात फोन असेल. पाच वाजता सही करेल, आणि मग आणखी पाच वर्षं! इतका वेळ काढायचा कसा, हेच त्यांना कळेना. घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला. मांडीवरचं यंत्र चीं करता करता मध्येच गप्प झालं.

नाकवाल्यांनी खाली बघितलं. उणे चार. रुमाल लांब नेला. उणे सात. जवळ आणला. उणे तीन, उणे एक.

लख्ख प्रकाश पडला त्यांच्या डोक्यात. यंत्र रोज स्वतःचं शून्य स्वतःच ठरवायचं. दिवसभरातली सगळ्यात स्वच्छ हवा सापडली की ते तिलाच शून्य म्हणायचं. सेंटमधल्या स्पिरिटची वाफही पेट घेणारीच, आणि त्या बंद घरात यंत्राला मिळालेली सगळ्यात स्वच्छ हवा तिच्या वासाचीच होती. जन्मल्यापासून त्याने दुसरी हवा बघितलीच नव्हती! बाहेरच्या हवेत ती नाही, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं, आणि म्हणून ते दोन तास ओरडत होतं.

"बाई! दोन मिनिटं शून्य पाहिजे ना? या इकडे!"

पाचला पाच कमी होते. सहाशे माणसांच्या देखत नाकवाले मैदानाच्या मधोमध गुडघ्यांवर बसले आणि यंत्रापुढे रुमाल धरला. जवळ गेला की अधिक एक व्हायचं, लांब गेला की उणे एक. फोरमन घड्याळ घेऊन ओरडत होता, "तीस सेकंद! साहेब, हात हलवू नका!" तिसऱ्या प्रयत्नात हात स्थिर झाला. शून्य. शून्य. शून्य. भोंगा थांबला, आणि सहाशे माणसांनी अशा टाळ्या पिटल्या की बाईंचं हेल्मेट हललं. पाच वाजून गेले होते.

"काय आहे त्या रुमालात?" बाईंनी विचारलं.

"सेंट."

"कसला सेंट?"

नाकवाले मान खाली घालून म्हणाले, "बायकोचा." आणि मग काही लपवायचं उरलंच नव्हतं, म्हणून खिडक्यांपासून 'घर' नावाच्या नंबरापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी रुमाल हातात घेऊन एकदा हुंगला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या यंत्राच्या मते, बाईसाहेब नसल्या की धोका?"

"हो."

"चूक अक्षम्य आहे. असल्या हवेत शून्य लावलेलं यंत्र खऱ्या धोक्याला उशिरा ओरडेल, कळतंय ना?"

"कळतंय."

"पण स्वतःवर शंका आली तर गप्प न बसता ओरडलं, हे मला आवडलं. विकायला येणारे सगळे मुकी यंत्रं आणतात." बाईंनी हेल्मेट काढलं. "आमचे हे तेरा वर्षं जहाजावर होते. असतात कुठे तुमच्या बाईसाहेब?"

नाकवाल्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"तिथे आमचा याहून मोठा कारखाना आहे. वीस यंत्रं बसवा, पण सहा महिने रोज स्वतः हजर राहून शून्य लावायचं. सोमवारपासून. आणि घरी राहायचं ते खिडक्या उघड्या ठेवून. पत्र उद्या सकाळी देते."

फोन हातात पडेपर्यंत साडेपाच झाले. नाकवाल्यांनी 'घर' दाबलं. पहिल्याच घंटेला तिने उचलला. मागे कसली तरी घरघर ऐकू येत होती.

"अगं, सही केलीस?"

"नाही केली."

"नाही?"

"ऑर्डर मिळाली असती तर साडेतीनच्या ठोक्याला ओरडला असता तुम्ही. चार वाजले तरी फोन नाही, तेव्हाच समजले मी. म्हटलं, आता हा माणूस घरी जाऊन उपाशी बसणार. चारलाच त्यांना नाही म्हणून सांगितलं, बॅग भरली आणि साडेचारची बस पकडली."

"पण आपलं ठरलं होतं, ऑर्डर मिळाली की यायचं!"

"मिळाली असती तर महिनाभर नोटीस देऊन, नीट आवरून आले असते. नाही मिळाली म्हणून धावत येतेय. एवढं कळत नाही?"

नाकवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ते कसेबसे म्हणाले, "मिळाली गं."

"काय?"

"ऑर्डर. सहा महिने तुझ्याच गावी राहायचंय. सोमवारपासून."

बसच्या घरघरीतून तिने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"मी खोली सोडून आलेय हो," ती म्हणाली. "किल्लीसुद्धा देऊन टाकली."

"मग उतर! पुढच्या थांब्यावर उतर आणि परत जा. मी सोमवारी पोचतोच!" तीन वर्षं जिच्यासाठी झुरले, तिलाच नाकवाले जिवाच्या आकांताने परत जा म्हणून सांगत होते.

"मुळीच उतरणार नाही," ती म्हणाली. आवाज भरून आला होता, आणि ती हसतही होती. "सोमवार यायला चार दिवस आहेत. चार दिवस मला माझ्या घरात राहायचंय, माझ्या माणसाजवळ. मग जाऊ की दोघं. खोली बघू दोघांना पुरेल अशी. हॉस्पिटलने परत घेतलं तर घेतलं, नाही तर सहा महिने झोपा काढीन. फार दमलेय मी."

"बस कधी पोचते?"

"साडेदहाला. आणि हे बघा, आत्तापासून स्टँडवर जाऊन बसू नका!"

"छे गं, आत्तापासून कशाला?" नाकवाले म्हणाले. एव्हाना ते यंत्र काखेत मारून स्टँडच्या रस्त्याला लागलेही होते.