तिसऱ्या बांधावरचा दाढीवाला

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सोपानआबांनी म्हशीची धार अर्धी टाकली, ओल्या हातानंच माझ्या दारावर थाप मारली आणि ओरडले, "बाई, दाढीवाल्याला इकला! आपल्याच मानसांनी इकला!"

मी दात घासता घासता दार उघडलं. आबांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत एक धिप्पाड दाढीवाला गोरा माणूस हसत उभा होता.

"बंडी बघा त्याच्या अंगावरची. दुसऱ्याची हाय. आन वर हसतुया!"

दाढीवाला हा आमच्या माले गावातला कोणी नव्हे. तो अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाचा खेळाडू, आणि सोपानआबा त्या संघाचे भक्त. मुळशी तालुक्यात कबड्डीचे वेडे ढिगानं सापडतील, कुस्तीचे तर घरटी एक. बेसबॉलचा वेडा मात्र बहुधा एकच, आणि तो माझा घरमालक निघाला. मी इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते, आबांच्या पुढच्या खोलीत सहा वर्षं भाड्यानं राहते. इंग्रजी येतं एवढ्या एका गुन्ह्यासाठी त्या संघाच्या बातम्या वाचून दाखवणं माझ्याकडे आलं होतं.

आबा अडुसष्ट वर्षांचे. दोन म्हशी, थोडी भातखाचरं, भाड्यानं दिलेल्या तीन खोल्या. डोक्याला टोपी असायची, पण गांधी टोपी नव्हे. त्या संघाची पुढं झाप असलेली निळी टोपी, शेणाच्या डागांसकट. संघाचं नाव ते घेत नसत. "आपली मंडळी" म्हणत. तिकडं संध्याकाळी सामना सुरू झाला की इकडं पहाट असायची. मोबाइल गोठ्याच्या खांबाला सुतळीनं बांधून आबा धार काढत काढत सामना बघायचे. म्हशींनाही त्याची सवय झाली होती.

खेळ त्यांनी आपल्या भाषेत बसवून घेतला होता. चेंडू टाकणारा तो फेक्या. त्याच्यासमोर बसून चेंडू झेलणारा तो उकिडव्या. मैदानात धावताना ज्या तीन जागांना पाय लावावा लागतो ते पहिला, दुसरा आणि तिसरा बांध, आणि तिथून शेवटी परत यायचं ते घर. चेंडू मैदानाबाहेर गेला की "धरणापार!" अशी आरोळी. ती ऐकून सुरुवातीला मी दोनदा धडपडत बाहेर आले होते. धरणाला काही झालं असं वाटून.

तर हा दाढीवाला तिसऱ्या बांधावर उभा राहायचा. आबांचा सगळ्यात लाडका. संघ वर्षानुवर्षं हरत होता, पण दाढीवाला आहे तोवर काळजी नाही, असं आबांचं म्हणणं. आणि आता मोसम संपल्यावर संघानं तोच देऊन टाकला होता.

"वाचा बाई. बदल्यात काय घेतलं ते वाचा."

मी वाचलं. एकोणीस-एकोणीस वर्षांची दोन मुलं.

आबा पायरीवर बसले. "दुभती म्हस दिली आन दोन रेडकं आनली. कवा मोठी व्हायची ती? मी आसंन का तवर?"

पुढच्या पंधरवड्यात एकेक वाईट बातमी येत गेली. डावखुरा फेक्या श्रीमंत संघाकडं गेला. त्याच्या जागी सदतीस वर्षांचा, खांदा दुखावलेला गडी घेतला. "खांदा दुखतुया म्हून मी खोरं धरना, आन ह्यो चेंडू टाकनार?" आबांचं चित्त कशातच लागेना. भाताची झोडपणी चाललेली असताना मध्येच उठून ते रस्त्याला लागायचे. पौडापर्यंत चालत जायचे, चहा न पिताच परत यायचे. पिरंगुटला जाणाऱ्या बसमध्ये चढायचे आणि पुढच्याच थांब्यावर उतरायचे. विचारलं तर म्हणायचे, "पाय ठरत न्हाईत, बाई."

वाटेत भेटेल त्याला ते मनातलं सांगत. त्यातून एक घोटाळा झाला. आमच्याकडं कुणी "इकला" म्हटलं की ऐकणाऱ्याला जमीनच आठवते. "दाढीवाल्याला इकला, तिसऱ्या बांधावरचा," हे आबांचं वाक्य गावभर फिरलं आणि चौथ्या दिवशी पांढरी गाडी दारात उभी राहिली. दोन एजंट उतरले, एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"आबा, आमाला न इचारता यवहार केला व्हय? तिसऱ्या बांधावरचा तुकडा म्हंजी रस्त्याकडंचा. कोन पार्टी हाय ती दाढीवाली?"

"पार्टी न्हाई रं. दाढीवालाच इकला गेलाय."

"कुनी इकला?"

"मालकांनी!"

एजंटांनी एकमेकांकडं पाहिलं. माणूस विकण्याच्या धंद्यात आपल्याला पडायचं नाही अशा चेहऱ्यानं ते गाडीत बसले. पेढे मात्र विसरून गेले. आबांनी एकही खाल्ला नाही.

मग संघाच्या मालकाला पत्र लिहायचं ठरलं. आबा सांगत होते, मी इंग्रजी करत होते. "सप्रेम नमस्कार. तुमाला दूध कोन देतं आन चारा कोन खातं ह्ये कळत न्हाई. मी हितं माल्यात बसून सांगतू, तुमचं चुकलं." संघाच्या संकेतस्थळावर जागा सापडली तिथून ते पाठवलं. मिनिटाभरात आपोआप उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आणि पुढच्या मोसमाच्या तिकिटांवर सवलत.

"बगा," आबा म्हणाले. "ऐकत न्हाईत, वर तिकिटं इकत्यात."

मला हसू आवरेना. हसता हसता मी म्हणाले, "आबा, पीटरराव काय म्हणतात या सगळ्यावर?"

आबा उठले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "वैरन टाकायची ऱ्हायली," म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. वैरण काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, मघाशीच टाकली होती.

पीटरराव म्हणजे आबांचे जावई. एकुलती एक लेक वंदना शिकायला अमेरिकेला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, मी पीटरशी लग्न करतेय. आबांनी दीड वर्ष तिच्याशी अबोला धरला. मग एकदा, "बगून तरी येतू कसला नग हाय," म्हणत विमानात बसले. गेले ते जावयाला धारेवर धरायला, तीन महिन्यांनी परत आले ते निळी टोपी घालून. आबांना इंग्रजीचा गंध नव्हता, पीटरला मराठीचा. वंदना कामावर गेली की दोघं घरात समोरासमोर गप्प बसून राहायचे. एके दिवशी पीटरनं टीव्हीवर सामना लावला आणि कागदावर मैदान काढून, नऊ जागी नऊ ठिपके देऊन समजवायला सुरुवात केली. आबांनी त्याच्या हातातून पेन घेतला आणि तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कोन?"

तेव्हापासून चार वर्षं दर रविवारी पीटरचा फोन यायचा. तो इंग्रजीत ओरडायचा, आबा मावळीत. दोघंही फेक्यावर चिडलेले असायचे, त्यामुळे अर्थ लागत असावा. पण या हिवाळ्यात एकाही रविवारी फोन वाजला नव्हता. मला वाटलं, मोसम संपलाय, बोलणार तरी काय?

त्या संध्याकाळी काकी तांदूळ निवडत ओट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्यापुढं मूठभर तांदूळ सरकवले. मग खाली बघतच म्हणाल्या, "त्येंना पीटररावाचं इचारू नगा, बाई. दिवाळीत सोडचिट्टी झाली."

माझं निवडणं थांबलं.

"भांडान न्हाई, मारझोड न्हाई. जमना म्हनं. वंदी सांगताना रडत व्हती, मागं त्यो बी रडत व्हता." काकींनी एक खडा लांब फेकला. "गावात कुनाला बोललो न्हाई. मी म्हनलं, ल्येक आपली, त्यो परका, गेला तर गेला. पर ह्येंना त्यो परका वाटंना, त्येला मी काय करू? दाढीवाल्याच्या नावानं शंख करत फिरत्यात. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी दुसऱ्या दिवसापासून बातम्या वाचताना हसले नाही. आबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांचं चालणं मात्र वाढलं. पौषात एकदा थेट मुळशीपर्यंत गेले आणि उन्हं कलल्यावर कुणाच्या तरी टेम्पोत बसून परत आले.

माघातल्या एका रविवारी सकाळी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. गोठा सोडला तर आमच्या घराला रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते. दाढी केलेली, सदरा धुतलेला. मी आत जाऊ लागले तर म्हणाले, "बसा बाई. तुमी आसलेल्या बऱ्या." आणि वंदनाला फोन लावला.

जेवलीस का, थंडी किती आहे, सगळं विचारून झालं. मग आबा थांबले. मोबाइल या हातातून त्या हातात घेतला.

"वंदे, येक इचारू? तुला वाईट वाटलं तर न्हाई म्हन. मी पुन्यांदा इचारनार न्हाई."

"विचारा ना, आबा."

"मी त्याच्याशी बोलू का?"

पलीकडं काहीच ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. आबांनाही वाटलं असावं, पण ते "हॅलो" म्हणाले नाहीत. वाट बघत राहिले.

"तुज्या इरुद्द न्हाई गं," ते शेवटी हळूच म्हणाले. "तू माजी ल्येक. तू सांगशील तसं."

"बोला आबा," वंदनाचा आवाज आला. "तोही बोलला असता, तुम्ही चिडाल म्हणून घाबरतोय. पण आमचं काही नका काढू. खेळाचंच बोला."

"खेळाचंच. तुजी आन."

फोन ठेवून आबांनी मोबाइलची काच सदऱ्याला पुसली. मग मोबाइल माझ्याकडं दिला. "आता तुमी इंग्रजीत लिवा. बोललो तर मला जमायचं न्हाई."

मी लिहू लागले. आबा एकेक शब्द तोलून सांगत होते. पीटरराव, नमस्कार. मालकांनी दाढीवाल्याला दिला ते मला पसंत नाही. डावखुरा गेला तेही नाही. म्हातारा फेक्या आठ दिवस टिकणार नाही. पण मी संघ बदललेला नाही. तुम्हीही बदलू नका. पहिल्या सामन्याला मी गोठ्यात असेन.

पाठवलं. तिकडं शनिवारची रात्र अजून फार झाली नसावी, कारण पाच मिनिटांत उत्तर आलं. मोठंच्या मोठं. मी मराठी करून वाचत गेले. दाढीवाल्याची बातमी आली त्या दिवशी त्यानं तीनदा फोन हातात घेतला होता आणि खाली ठेवला होता. मालक गाढव आहे. म्हातारा फेक्या आठ काय, तीन दिवस टिकणार नाही. त्या दोन पोरांतलं एक मात्र बरं आहे, आबांनी त्याच्या हातांकडं नीट बघावं.

"हात बरं हायेत म्हनतुया?" आबा पुढं सरकले. "ह्येला कवापासनं हात कळाय लागलं? लिवा, आदी पाय बगावंत."

मी लिहिलं. पाठवणार तेवढ्यात आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आतल्या दाराकडं एकदा बघितलं, काकी तिथं नव्हत्या.

"आजून येक वळ घाला. येळेवर जेवतो का, त्ये इचारा. येकटा ऱ्हातू म्हनं आता."

"आबा, हे खेळाचं नाही."

"आसू द्या," ते म्हणाले. "लिवा."