प्रमाणित पोट

वजनमापे कार्यालयाच्या आवक विभागातल्या लिपिक गर्भवती आहेत, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास नवव्या महिन्यात आली. माणसांना ती बरीच आधी कळली होती. शेजारच्या टेबलावरच्या जावकबाईंनी तर अगदी सुरुवातीलाच, आवकबाईंनी जेवणाचा डबा उघडून तसाच झाकलेला पाहून, काय ते ओळखलं होतं. पण माणसांना कळणं वेगळं आणि कार्यालयाला कळणं वेगळं. कार्यालयाला काहीही कळायचं तर अर्ज लागतो, आणि आवकबाईंनी रजेचा अर्ज आत्ता कुठे दिला होता. तो त्यांनी स्वतःच आवक करून घेतला, त्यावर स्वतःच शिक्का मारला आणि आस्थापनेच्या भाऊसाहेबांच्या टेबलावर स्वतःच नेऊन ठेवला.

या कार्यालयाचं काम मोठं जबाबदारीचं होतं. दुकानांतले तराजू, कापड मोजायच्या पट्ट्या, दुधाची मापं, दवाखान्यातले वजनकाटे, सगळं तपासून त्यावर मोहोर उठवायची. मोहोर उठली की माप खरं. मोहोर नसेल तर माप खरं असूनही खोटं. या तत्त्वावर सगळा कारभार सुरळीत चालला होता आणि आवकबाईंनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना खडसावून सांगितलं होतं. "पाय बघा कसे सुजलेत. रक्तदाब वाढलाय. आता जिने बंद. सोमवारपासून घरी आडवं पडायचं, नाहीतर बाळाला धोका आहे." आवक विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. इमारतीला लिफ्ट होती, पण ती तपासणीसाठी येणाऱ्या वजनांकरिता राखीव होती आणि तशी पाटीही लावलेली होती. त्यामुळे लोखंडी वजनं लिफ्टने वर जात आणि आवकबाई कठडा धरून जिन्याने.

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.

"रजा मंजूर झालीच समजा, बाई. फक्त साहेबांची सही राहिलीय."

"मग पाठवा ना आत."

"अशी कोरडी कशी द्यायची? आपलं कार्यालय म्हणजे एक कुटुंब आहे. आम्ही तुमचं बेबी शॉवर करतोय. साहेब तिथेच सही करणार आणि रजेचा आदेश भेट म्हणून तुमच्या हातात देणार. पण हे सरप्राइज आहे हं, कुणाला कळता कामा नये."

"पण मला तर तुम्ही आत्ताच सांगितलंत."

"सांगितलं, पण तुम्ही माहीत नसल्यासारखं करायचं. तेवढं सहकार्य कराल ना?"

आवकबाईंनी मान हलवली. सोमवारी शॉवर, सोमवारीच सही. एक दिवस इकडे की तिकडे, असा त्यांनी विचार केला.

पण शॉवर सोमवारी झालं नाही. साहेबांच्या सौभाग्यवती नुकत्याच कुणाच्या तरी घरच्या शॉवरला जाऊन आल्या होत्या आणि तिथलं सगळं सामान म्हणे हाताने केलेलं होतं. सध्या तीच पद्धत आहे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी लगेच बैठक घेतली. "बाजारातून एकही वस्तू येता कामा नये," ते म्हणाले. "हाताने केलेल्या वस्तूत माया असते. शिवाय खर्च नसतो." त्यानुसार परिपत्रक निघालं. तांत्रिक विभागाने कागदी तारे करावेत, आस्थापनेने फुलांच्या माळा, लेखा विभागाने पाळण्याचं चित्र. सर्व वस्तूंत पुरेशी माया असल्याची खात्री संबंधित विभागप्रमुखांनी करावी.

विभागप्रमुखांनी ते काम हाताखालच्यांकडे सोपवलं, त्यांनी आणखी हाताखालच्यांकडे, आणि सगळ्यांत खालच्या माणसाने कागद कपाटात ठेवून दिला. सोमवारचं शॉवर गुरुवारवर गेलं, गुरुवारचं पुढच्या आठवड्यावर. शॉवर पुढे गेलं की सहीही पुढे जात होती.

घरी नवऱ्याने विचारलं, "अगं, रजा तर तुझ्या हक्काची आहे ना?"

"हक्काचीच आहे. म्हणून तर भेट देतायत."

"एवढी भेट द्यायची हौस आहे तर त्या लिफ्टचं दार उघडा म्हणावं," सासूबाई सुनेच्या पायांना तेल चोळत म्हणाल्या. "उद्या नको जाऊस तू. काय फासावर देणार आहेत का?"

पण न सांगता घरी राहिलं तर गैरहजेरी लागते, आणि गैरहजेरी लागली तर प्रसूतीची सगळीच रजा चौकशीत अडकते, हे आवकबाईंना पक्कं ठाऊक होतं. अशी अडकलेली प्रकरणं त्यांनीच आवक करून घेतली होती. शेवटी त्यांनी घरून कात्री आणली, डिंकाची बाटली आणली आणि मधल्या सुट्टीत तारे कापायला बसल्या.

जावकबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, स्वतःचं सरप्राइज स्वतःच करतेस?"

"लवकर झालं तर लवकर सुटेन. तू ती माळ धर जरा."

आवकबाई तारे करताहेत ही बातमी पसरली तसा प्रत्येक विभाग आपापलं सामान त्यांच्याकडे पोचवू लागला. "तुमच्या हाताला वळण आहे, बाई," असं म्हणून लेखा विभागाने पाळणा आणून ठेवला. तांत्रिक विभागाचे निरीक्षक तर तयार तारे तपासायलाही आले. त्यांनी खिशातून पट्टी काढली, एकेक तारा मोजला आणि निम्म्याहून जास्त बाद केले.

"पाचही टोकं सारखी नाहीत, बाई. आपण लोकांची मापं तपासतो. उद्या हे आपल्याच भिंतीवर लागलं तर बाहेर काय तोंड दाखवणार?"

आवकबाईंनी पुन्हा तारे कापले. बोटांना फोड आले, कंबर भरून आली, पायात चप्पल जाईनाशी झाली. पोटातलं बाळ रात्रंदिवस लाथा मारत होतं आणि या सगळ्या कारभारावर उघड नापसंती दाखवणारं ते एकटंच होतं. सामान तयार झाल्यावर त्यावर विभागांची नावं लागली. तांत्रिक विभागाच्या ताऱ्यांचं फारच कौतुक झालं.

शॉवरच्या दिवशी तळमजल्याचं सभागृह खरोखर सुरेख दिसत होतं. आवकबाईंना आत आणलं तेव्हा सगळे एकदम "सरप्राइज!" म्हणून ओरडले आणि ठरल्याप्रमाणे त्या दचकल्या. मधोमध त्यांच्यासाठी खुर्ची सजवली होती. त्यांनी जीव मेटाकुटीला येऊन पाठ टेकवली तशी भाऊसाहेब धावत आले.

"टेकू नका, बाई! फुलं चुरगळतील. फोटो व्हायचेत अजून."

आवकबाई ताठ बसल्या. साहेबांचं भाषण झालं. मातृत्वाची महती सांगताना त्यांचा आवाज दोनदा भरून आला. केक कापला गेला. रजेचा आदेश बशीत ठेवून समोर आणला होता आणि आवकबाईंची नजर त्यावरून हलत नव्हती. आता सही होणार, असं वाटत असतानाच भाऊसाहेबांनी जाहीर केलं, "सहीच्या आधी एक छोटासा खेळ!"

खेळ असा होता: प्रत्येकाने आवकबाईंच्या पोटाच्या घेराचा नुसत्या नजरेने अंदाज करायचा आणि तेवढी रिबीन कापायची. ज्याची रिबीन पोटाभोवती बरोबर बसेल तो जिंकला. वजनमापे कार्यालयाला साजेसा खेळ, असं सगळ्यांचं मत पडलं. पहिली कात्री अर्थातच साहेबांच्या हातात गेली.

साहेबांनी आवकबाईंना इतकी वर्षं फक्त टेबलामागे पाहिलं होतं. खरं तर तेव्हाही ते त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहत. आज मात्र त्यांनी डोळे बारीक केले, मान कलती केली आणि खाटकन रिबीन कापली. ती पाहून जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ज्याने त्याने आपली रिबीन साहेबांपेक्षा कमीच कापली, कारण साहेबांपेक्षा जवळचा अंदाज करण्याचा आगाऊपणा कुणाला परवडणार नव्हता.

साहेबांची रिबीन आवकबाईंच्या पोटाभोवती धरली. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर राहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं.

भाऊसाहेब कानाशी वाकले. "बाई, जरा पोट आत घ्या."

"आत कसं घेऊ? त्यात माणूस आहे, भाऊसाहेब."

"थोडंसंच. साहेबांचा मूड गेला तर सही आज होत नाही, मला माहितीय. मग बसा परत तिसऱ्या मजल्यावर."

आवकबाईंना राग आला. इतका आला की हातातली केकची बशी समोर भिरकावून द्यावी. पण आदेश त्या पलीकडच्या बशीत होता आणि त्यांना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, एवढंच. त्यांनी डोळे मिटले, होता नव्हता तो श्वास बाहेर सोडला. भाऊसाहेबांनी एक टोक ओढलं, निरीक्षकांनी दुसरं. लेखा विभागाने मागून कंबर दाबली. टोकाला टोक लागलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "नजर म्हणतात ती ही!" निरीक्षक म्हणाले. फोटो काढला. एकाचे डोळे मिटले होते म्हणून दुसरा काढला. आवकबाईंनी तोवर श्वास रोखून धरला होता.

साहेब भलतेच खूश झाले. "या रिबिनीवर मोहोर उठवा," ते म्हणाले. मोहोर उठली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, आदेश हातात घेतला आणि सवयीप्रमाणे सहीपूर्वी एक नजर टाकली.

"नववा महिना?" त्यांनी विचारलं. "भाऊसाहेब, नवव्या महिन्याचा घेर एवढाच असतो?"

भाऊसाहेब गडबडले. "साहेब, आमच्या घरी तरी नवव्यात बराच जास्त होता."

"मग एवढा कधी होता?"

"सहाव्यात असेल, साहेब."

"बरोबर. मलाही तेच वाटलं. डॉक्टरांनी कशाने मोजलंय? त्यांच्या टेपवर आपली मोहोर आहे का?"

"नाही, साहेब."

"मग झालं तर. एकीकडे मोहोर नसलेला टेप आणि दुसरीकडे मोहोर असलेली रिबीन. सही कशी करू मी? उद्या लेखापरीक्षण झालं तर माझी मान अडकेल." त्यांनी आदेशावर लिहिलं, 'नववा महिना लागल्यावर फेरसादर करावे,' आणि पेन खिशात ठेवलं.

"साहेब, मी पोट आत घेतलं होतं," आवकबाई म्हणाल्या.

सगळे हसले. "बाई मोठ्या विनोदी आहेत," साहेब म्हणाले.

"विनोद कसला, साहेब?" जावकबाई उठून उभ्या राहिल्या. "खरंच घेतलं होतं तिनं. इथल्या प्रत्येकानं पाहिलंय."

"असं? कुणी पाहिलं?"

साहेबांनी सभागृहावरून नजर फिरवली. सगळे भिंतीवरचे तारे पाहत होते. भाऊसाहेब तर ते मोजत होते.

कार्यक्रम संपला आणि जो तो आपल्या जागेवर गेला. आवकबाईही निघाल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी कठडा घट्ट धरला आणि खाली बसल्या. जावकबाईंनी आरडाओरडा करून लिफ्ट थांबवली. शिपायाने पाटीकडे बोट दाखवलं, "बाई, वजनांसाठी आहे ही."

"मग हे काय हलकं आहे?" जावकबाईंनी त्याला बाजूला सारलं.

संध्याकाळी मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, धडधाकट, साडेतीन किलो. आईचा रक्तदाब फार वाढला होता, ती थोडक्यात वाचली. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि त्या गरीब माणसाने ते मुकाट ऐकून घेतले, कारण ते कुणाला पोचवायचे हे त्याला माहीत नव्हतं.

कार्यालयापुढे मात्र गंभीर पेच उभा राहिला. प्रमाणित मापानुसार सहाव्या महिन्यात असलेलं मूल साडेतीन किलोचं भरलं होतं. याचा अर्थ उघड होता. निरीक्षक पथक घेऊन दवाखान्यात गेले आणि त्यांनी तिथला वजनकाटा सदोष ठरवून सीलबंद केला. तेव्हापासून तिथे जन्मणाऱ्या बाळांची वजनं परिचारिका हातावर तोलून अंदाजाने सांगते.

आवकबाईंना खाटेवरच खुलासा मागणारं पत्र आलं. मंजुरीपूर्वी प्रसूत का झालात? त्यांनी उत्तरात पुन्हा तेच एक वाक्य लिहिलं: मी पोट आत घेतलं होतं. यावेळी कुणी हसलं नाही. हे लेखी होतं. मापात खोट करून कार्यालयाची दिशाभूल केल्याची ती स्पष्ट कबुली आहे, असा शेरा पडला. रजा नामंजूर झाली आणि मुलीच्या जन्माचा दिवस आईच्या सेवापुस्तकात अनधिकृत गैरहजेरी म्हणून नोंदला गेला. पोट आत घ्यायला कुणी सांगितलं, हे पत्रात विचारलेलं नव्हतं.

रिबीन आता कार्यालयाच्या दर्शनी भागात, पहिल्या खिडकीपाशी टांगलेली असते. ते माणसाचं प्रमाणित माप आहे. काम घेऊन येणाऱ्याने आधी ती कमरेभोवती लावायची, टोकं जुळली तरच कागद पुढे जातो. सुरुवातीला लोक कुरकुरतील असं भाऊसाहेबांना वाटलं होतं. आजवर कुणी कुरकुरलेलं नाही. रांगेतली माणसं सरकत पुढे येतात, इकडेतिकडे पाहतात आणि श्वास सोडून पोट आत घेतात. मागचा माणूस आपणहून टोक ओढून देतो. तुमचंही तिथे कधीतरी काम निघेलच. काळजी करू नका, तुम्हाला ते जमेल. आत्ता, हे वाचतानासुद्धा, थोडं आत घेतलंच आहे तुम्ही.